बायकामुलांना घेऊन परदेशी कामाला जायचंय? आधी कामाचा पुरावा जमवा

वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, सीएनसी ऑपरेटर, ठाणे-नवी मुंबईतून येणारे प्रश्न फिरून फिरून तेच, आणि बरेचसे 'आमच्या ओळखीचा एकजण म्हणाला' असे सुरू होतात. म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतोय. नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी त्या देशाची सरकारी वेबसाइट स्वतः उघडून बघा.

दहावी पास, आयटीआय फिटर आहे, तरी पासपोर्ट ईसीआर आलाय. गल्फला अडचण येईल का? (कळवा)

ईसीआर म्हणजे गल्फसारख्या देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी लागते, दहावी पास असलेल्याला ती लागत नाही. तुम्ही दहावीचं सर्टिफिकेट जोडलं नसेल. ते घेऊन पासपोर्ट री-इश्यूला टाका, ऑफर यायची वाट बघू नका.

वाशीचा एक एजंट दुबईच्या नोकरीचे दीड लाख मागतोय, फॅमिली व्हिसा त्यातच म्हणतो. देऊ का? (तुर्भे)

नाही. नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी चालू आहे का बघा, आणि 'मी त्यांचाच माणूस' म्हणणारा सब-एजंट असेल तर तो कायद्यात बसतच नाही. राहिला फॅमिली व्हिसा, तर तो कोणी पॅकेजमध्ये घालून देत नाही. यूएईत आधी तुमची रेसिडेन्सी लागते, मग तुम्हीच बायकोमुलांना स्पॉन्सर करायचं, त्याला पगार 4,000 दिरहम हवा किंवा 3,000 आणि राहायची सोय, आणि लेबर कॅम्पातला बंक म्हणजे कुटुंबाची सोय नव्हे. टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणाला तर तिथूनच उठा. शंका असेल तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) ऑफिसात विचारा.

9 वर्षं वेल्डिंग करतोय, टिग आणि आर्क दोन्ही, पण कॉन्ट्रॅक्टरकडे. ऑस्ट्रेलिया नाहीतर कॅनडाला सगळ्यांना घेऊन जायचंय. एजंट म्हणतो अनुभवाचं लेटर बनवून देतो, सगळे असंच करतात. (रबाळे)

सगळे असंच करतात हे ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण ज्याला असलं लेटर विकतात त्याच्याकडे बहुतेक वेळा खरा अनुभव असतो आणि तो या एका कागदापायी मातीत जातो. ही लेटरं ओळखू येतात हो. चार जणांच्या लेटरात ड्युटी शब्द न् शब्द सारखी, शिक्का कोरा करकरीत, आणि लेटरहेडवरचा गाळा कधीच बंद पडलेला. तपासणारे कंपनीला फोन लावतात, बँक स्टेटमेंट मागतात. खोटं सापडलं तर कॅनडा 5 वर्षं दार बंद करतं, ऑस्ट्रेलियात साधारण 3 वर्षं, आणि तिथे घरातल्या एकाच्या खोट्या कागदावरून सगळ्या कुटुंबाचा अर्ज जाऊ शकतो.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. माणूस वर्षानुवर्षं स्टेनलेसचे पाइप जोडतो आणि सॅलरी स्लिपवर छापलेलं असतं 'हेल्पर'. ऑस्ट्रेलियात ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाला, म्हणजे कारागिरांचं कौशल्य तपासणाऱ्या सरकारी संस्थेला, नुसतं 'हा आमच्याकडे होता' चालत नाही, कुठलं काम, कुठली मशीन, किती तास, कधीपासून कधीपर्यंत, सगळं लागतं आणि पगाराचा पुरावा वेगळा. तेव्हा आजपासून गोळा करा. पीएफचं पासबुक काढा, त्यात कॉन्ट्रॅक्टरचं नाव असलं तरी तारखा खऱ्या असतात. गेटपास, सेफ्टी ट्रेनिंगची कार्डं फेकू नका. तुम्ही 6जीची (तिरक्या पाइपच्या वेल्डिंगची) टेस्ट दिली असेल तर तिचं वेल्डर क्वालिफिकेशन सर्टिफिकेट क्यूसीच्या (क्वालिटी तपासणाऱ्या विभागाच्या) फाइलमध्ये पडलेलं असतं, त्यावर तुमचं नाव, स्टॅम्प नंबर, प्रोसेस, पोझिशन आणि इन्स्पेक्टरची सही असते. त्याची कॉपी मागा, तुमच्या हाताच्या कामाचा तो सगळ्यात सरळ पुरावा. पगार रोख मिळत असेल तर पुढच्या महिन्यापासून बँकेत मागा. आणि हे सगळं नोकरीत असतानाच, कारण टेंडर संपलं की कॉन्ट्रॅक्टर बदलतो आणि जुना फोन उचलत नाही. सुपरवायझर ओळखीचा आहे तोवर पदनाम दुरुस्त करून कामाचं खरं लेटर घ्या.

मग फाइल ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला किंवा कॅनडाच्या लायसन्सधारक कन्सल्टंटला दाखवा, दोघांचीही नावं सरकारी यादीत तपासता येतात. यादीत नसलेल्याला रुपया देऊ नका.

पीडब्ल्यूडीचं वायरमन लायसन्स आहे. ऑस्ट्रेलियात उतरल्या उतरल्या काम करता येईल? (घणसोली)

नाही. तिथे राज्यागणिक लायसन्स वेगळं, आधी ट्रेड्स रेकग्निशनचं मूल्यांकन, मग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखाली काम करून उरलेलं ट्रेनिंग पूर्ण करायचं. तोवर पगार कमीच धरा आणि ज्या राज्यात जाताय तिथल्या लायसन्स खात्याला लिहून विचारा.

लग्नाची पत्रिका पुरावा म्हणून चालेल का? (दिवा)

नाही. महापालिकेत विवाह नोंदणी करा. दुबईसाठी ते सर्टिफिकेट एम्बसीपर्यंत अटेस्ट करावं लागतं, नुसतं अपॉस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा प्रमाणपत्राचा शिक्का) तिथे चालत नाही.

कॅनडाला खर्च कमी पडावा म्हणून आधी अविवाहित दाखवून नंतर फॅमिली बोलवता येईल, असं भाऊ म्हणतो. (कोपरखैरणे)

भावाचं ऐकू नका. बायकोमुलं सोबत येवोत न येवोत, अर्जात त्यांची नावं टाकावीच लागतात. लपवलेल्या माणसाला पुढे स्पॉन्सर करायचा रस्ता बंद होऊ शकतो, म्हणजे ज्यांच्यासाठी जाताय तेच इथे राहतील. खोटं नाव किंवा खोटी माहिती आधीच भरून झाली असेल तर गप्प बसू नका, लगेच लायसन्सधारक कन्सल्टंट गाठा.

मोठा मुलगा 17 वर्षांचा, बारावीला आहे. त्याची परीक्षा झाली की प्रोसेस सुरू करू म्हणतो. यूके की कॅनडा? (वागळे इस्टेट)

परीक्षा होऊ द्या, पण कागद आत्ताच सुरू करा, हे 'नंतर बघू' फार महागात पडतं. यूकेने 22 जुलै 2025 पासून पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या कामांवर नव्याने येणाऱ्यांना बायकोमुलं आणणं बंद केलंय, तेव्हा जुने व्हिडिओ बघून स्वप्नं रंगवू नका. कॅनडात मूल 22 च्या आतलं आणि अविवाहित लागतं, पण नुसतं एक्सप्रेस एंट्रीचं (कॅनडाच्या पीआरसाठीच्या ऑनलाइन निवडीचं) प्रोफाइल बनवून मुलाचं वय मोजायचं थांबत नाही. ऑस्ट्रेलियात 18 नंतर 23 पूर्ण होईपर्यंत चालतं, मात्र तो तुमच्यावर अवलंबून आहे हे दाखवावं लागतं, मध्येच त्याने नोकरी धरली तर तेही अवघड. तुमची इंग्रजीची परीक्षा, ट्रेडचं मूल्यांकन, पोलीस क्लिअरन्स यातच महिने जातात. सगळ्यांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहा आणि याच महिन्यात कन्सल्टंटसमोर बसा.