‘मॅडम, मी कशातच नाहीये’

मानसशास्त्र घेऊन बीए करणारी मुलं-मुली गेली काही वर्षं समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात. परदेशातल्या मुलांचे क्लब असतात, मानाच्या संस्था असतात, बायोडेटावर ते सदस्यत्व झळकतं. आम्ही सोलापुरात, आमचं पुढे कसं होणार? सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीत हे इतक्यांदा ऐकलंय की एका मुलीची गोष्ट, ओळख बदलून, सांगतेच.

तिसऱ्या वर्षाची मुलगी. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, शाळा मराठी आणि आता पुस्तकं इंग्रजी. अमेरिकेत शिकणारा मावसभाऊ बोलता बोलता म्हणाला होता, “साय काय नसेल तर अर्जाला वजन नाही.” तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

आधी माहितीचा गुंता सोडवला. साय काय ही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची मानाची संस्था, १९२९ साली अमेरिकेत येल विद्यापीठात सुरू झालेली. पदवीच्या विद्यार्थ्याला मानसशास्त्राचे ठरावीक श्रेयांक लागतात आणि क्रमांक वरच्या ३५ टक्क्यांत लागतो. पण त्याआधी तुमच्या कॉलेजात तिची शाखा असावी लागते. “म्हणजे तू नापास झालेली नाहीस,” मी म्हटलं. “त्या परीक्षेला तू बसलेलीच नाहीस.”

वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. तिचे डोळे भरून आले. “पण मॅडम, मी कशातच नाहीये.”

खरं दुखणं हे होतं. कॉलेजात मानसशास्त्राचं अभ्यास मंडळ होतं. ही शेवटच्या बाकावर बसायची आणि दहा ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला, पोस्टर चिकटवायची. एवढंच.

माझी वाट अ‍ॅडलर या मानसोपचारतज्ज्ञाची. माणसाला आपली जागा बिल्ल्यातून मिळत नाही, चार जणांच्या उपयोगी पडण्यातून मिळते, असं मी मानते आणि इतक्या वर्षांच्या कामात ते मला पुन्हा पुन्हा खरं ठरताना दिसलंय. म्हणून पुढच्या भेटीत मी संस्थेचं नाव काढलं नाही. विचारलं, “काल संध्याकाळी घरी काय काय बघितलंस?”

“काही नाही. अम्मा विड्या वळत होती.”

“कशी वळते?”

“मांडीवर सूप. पानात चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, टोक दुमडायचं, दोरा. नजर सगळी टीव्हीवर.” मग जरा थांबून म्हणाली, “मी म्हटलं, अम्मा, आता हाताकडे बघून वळ. तर तिचा दोराच सुटला. दोनदा.”

“हे करून बघायला तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. उगाच.”

माझ्या अंगावर काटा आला. तिला सांगितलं, १८९७ मध्ये ब्रायन आणि हार्टर या दोघा संशोधकांनी तारयंत्रावरचे संदेश घ्यायला शिकणाऱ्यांचा अभ्यास केला होता. शिकाऊ माणूस एकेक अक्षर पकडतो, मुरलेला अख्खे शब्द आणि वाक्यांचे तुकडे उचलतो. “तुझी आई आता एकेक बोट हलवत नाही, अख्खी विडी वळते. तू तिला पुन्हा अक्षरांवर आणलंस.” मग सांगितलं, साय आणि काय ही ग्रीक अक्षरं मन आणि हात यांच्यासाठी घेतलेली आहेत. ती कितीतरी वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसावं, हे मला फार उशिरा कळलं.

तिनं आई आणि शेजारच्या दोघींना विचारून, त्यांच्या परवानगीनं दहा-दहा मिनिटं विड्यांची मोजणी केली आणि मंडळात मांडली. सर म्हणाले, तीन बायकांवरून निष्कर्ष काढता येत नाही. ती हे मला आनंदानं सांगत होती. तिच्या कामावर पहिल्यांदाच कुणी वाद घातला होता.

अशी काळजी असणाऱ्या मुलांना माझं सांगणं असं. आपल्याकडे एमएच्या प्रवेशाला गुण आणि जिथे असेल तिथे प्रवेश परीक्षा बघतात. परदेशी अर्जात प्राध्यापकाच्या शिफारसपत्राला मोल असतं, आणि ज्यानं तुम्हाला काम करताना पाहिलंय तोच ते जीव ओतून लिहू शकतो. तेव्हा मंडळ नसेल तर पाच जण मिळून सुरू करा. आठवड्याला एक तास, एक प्रकरण, महिन्यातून एक छोटा प्रयोग, वहीत तारखेसह नोंद. ज्यांच्यावर प्रयोग कराल त्यांना आधी विचारा. मित्रमैत्रिणींवर उपचार करायला मात्र जाऊ नका, बीएचं शिक्षण त्यासाठी नाही. आणि एखाद्या मानाच्या संस्थेचा पैसे मागणारा ईमेल आला, तर भरण्याआधी सरांना दाखवा.

तिची आई शेवटच्या भेटीला सोबत आली होती. मला म्हणाली, “मॅडम, हिला सांगा, मोजायचं असेल तर रविवारी मोज. बाकीच्या दिवशी माझ्या विड्या कमी भरतात.” मुलीनं लगेच वही काढली आणि ते लिहून घेतलं.