भंगारातून घरच्या घरी लोहाराची भट्टी करता येईल का?

तुम्ही विचारलंय की नाशिकमध्ये भंगार गोळा करून विळी-खुरपी घडवण्याइतकी भट्टी घरी जमेल का. जमते. माझी पंचवटीत, घरामागच्या मोकळ्या जागेत तीन वर्षं चालू आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र हा उद्योग अजिबात नको.

छोट्या टेम्पोचा जुना ब्रेक ड्रम घ्या. द्वारकेकडच्या गॅरेजवाल्यांकडे विचारा, वजनावर देतात. आतली काळी धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. ड्रम बिडाचा, साधं वेल्डिंग त्यावर टिकत नाही, म्हणून फ्लँज (पाइप जोडायची भोकांची चकती) नटबोल्टने आवळा. मधल्या भोकावर छिद्रं पाडलेली जाड प्लेट. खाली दीड-दोन इंची टी (तीन तोंडांचा पाइपचा जोड) बसवा, आडव्या तोंडातून वारा जाईल, खालच्या तोंडाला राख पाडायला झाकण. पाइप काळाच घ्या. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप; ते जस्त तापलं की पांढरा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

खरी मेख वाऱ्यात आहे. मी जुना हेअर ड्रायर थेट पाइपला जोडला. भट्टी अशी धडधडली की मी खूश! कमानपाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा विस्तवात खुपसून चहाला गेलो. परत येऊन ओढला तर टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या, आणि बोटभर लोखंड जळून गेलेलं.

तो तुकडा घेऊन रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्यांकडे गेलो. नवरा सांडशीत फाळ धरून बसलेला, घण बाईच्या हातात. तिने तुकडा उलटसुलट पाहिला. "भाऊ, शेकायचं का जाळायचं, ते आधी ठरव." त्यांच्या हातभात्याकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं, फाळ बाहेर काढला की वारा लगेच बंद. घरी येऊन मी पाइपला पत्र्याची सरकती झडप लावली. आता ड्रायर चालू राहतो, वारा मी ठरवतो.

ऐरणीसाठी रुळाचा तुकडा कोणी देऊ केला तर घेऊ नका. चोरीचा निघाला तर रेल्वे मालमत्तेच्या १९६६च्या कायद्याखाली अडकाल. ट्रकच्या अ‍ॅक्सलचा तुकडा लाकडी ओंडक्यात उभा गाडला तरी झकास काम होतं.

कोळसा लोणारी, म्हणजे लाकडाचा घ्या, दगडी कोळशाच्या धुराने शेजारी दारात येतात. पाणी द्यायची, म्हणजे तापलेलं पोलाद बुडवून कडक करायची वेळ ओळखायला दोरीला चुंबक बांधून ठेवा, साधारण ७७० अंशांना लोखंड त्याला धरेनासं होतं. कमानपाट्याचं पोलाद मात्र पाण्यात नको, तडकतं. कोमट तेलात बुडवा.

आणि पहिल्याच दिवशी सुरी करायला घेऊ नका. सळईचा हूक करा. माझा पहिला हूक वाकडा झाला, पण न्हाणीघरात टॉवेल अजून त्यालाच असतो.