सोलापुरात राहून वेब डेव्हलपमेंट शिकायचंय. आधी पीएचपी की जावास्क्रिप्ट? क्लास लावू का?

तुम्ही लिहिलंय की बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पूर्व भागात राहता, वडील कापडाच्या मागावर कामाला आहेत आणि घरी एक जुना लॅपटॉप आहे.

आधी जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी भाषा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. क्रोममध्ये एफ-१२ दाबून कन्सोल (कोडची ओळ लिहून लगेच चालवायची जागा) उघडा आणि अवतरण चिन्हांत ५, अधिक ३ असं लिहा (आकडे इंग्रजीच टाका). उत्तर ५३ येईल. अधिकच्या जागी वजा करा, २ येईल. अधिक चिन्ह मजकूर जोडायलाही वापरतात, वजाला तो दुसरा धंदा नाही. फॉर्मच्या चौकटीत भरलेला आकडा मजकूर म्हणूनच हातात येतो, त्यामुळे तुमचं पहिलं बिल नक्की चुकणार. तो आधी 'नंबर' फंक्शनमधून काढायचा. पण साध्या चौकटीत गिऱ्हाइकाने मराठी कीबोर्डवरून १२ टाकलं, तर तेच फंक्शन 'हा आकडाच नाही' म्हणतं. देवनागरी अंक त्याला कळत नाहीत. हे मला कुठल्या व्हिडिओत नाही, एका चादरवाल्या काकांच्या मोबाइलवर कळलं.

पण नुसत्या जावास्क्रिप्टच्या फॉर्मवर थांबू नका. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डरचं पान केलं होतं. डझन टाका, एकूण रक्कम दिसते, बटण दाबलं की ती सर्व्हरला, म्हणजे वेबसाइट जिथून चालते त्या कॉम्प्युटरला जाते. मालकाचा भाचा कॉलेजला होता. त्याने एफ-१२ दाबून रक्कम बदलली आणि २०० डझन टॉवेल एका रुपयात बुक केले. मालक हसले, मी नाही हसलो. ब्राउझर गिऱ्हाइकाच्या हातात असतो. तिथून आलेल्या रकमेवर भरवसा ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकालाच बिलबुक देणं. आता मी फक्त मालाचा कोड आणि डझन पाठवतो, दर सर्व्हर स्वतःकडच्या तक्त्यातून घेतो. हे समजायला सर्व्हरवरची भाषा लागते आणि तिथे मी पीएचपीच सांगेन. जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही चालते, त्यासाठीचं नोड २००९ पासून आहे. पण स्वस्तातल्या होस्टिंगवर (वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) पीएचपी तयार मिळते, आणि वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर त्यातच लिहिलेलं असल्यामुळे छोट्या दुकानदारांची कामं तिकडूनच येतात.

क्लासचं म्हणाल तर मी २०१६ मध्ये लावला होता. सर पीएचपीला डेटाबेस (माहितीचा साठा) जोडायची जी जुनी फंक्शनं शिकवत होते, ती २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकलेली होती. घरी नवी आवृत्ती टाकली होती, पहिल्याच ओळीला एरर. आठवडाभर वाटत होतं लॅपटॉपच बिघडलाय. तेव्हा फी भरण्याआधी एकच विचारा: डेटाबेसला काय वापरून जोडता? पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय (पीएचपीतल्या नव्या पद्धती) म्हणाले तर बसा, नाही तर उठा की सरळ.

लॉजिक जमेल का, ही भीती सोडा. वडिलांना जेकार्डचे (मागावर नक्षी विणायच्या यंत्राचे) भोकं पाडलेले पुठ्ठे दाखवायला सांगा. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर खालीच ठेवायचा: हे झालं कोडमधलं 'इफ', म्हणजे जर-तर. पुठ्ठ्यांची माळ फिरून परत पहिल्यावर येते आणि नक्षी पुन्हा सुरू होते: हे 'लूप'. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेली युक्ती आहे ही.

बीकॉम तर तुमच्या फायद्याचंच आहे. पहिलं पान जीएसटी बिलाचं करा. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे, बाहेरचं असेल तर आयजीएसटी. हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा, कारण जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही. अडलात तर कोड टाका इथे. फक्त स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, वाचता येत नाही ओ.