पुढे सगळे वाघ काळेच होणार का?

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. त्याने मोबाईलवर ओडिशातल्या काळ्या वाघाचा फोटो बघितला आणि तेव्हापासून डोकं खातोय, की जंगलं अशीच कमी होत गेली तर हजार वर्षांनी वाघ कसा दिसेल? काळा होईल, की बिबट्याएवढा छोटा होईल, की माणसात राहायला शिकेल? मला काही सांगता येईना. (एक वाचक, वर्धा)

उत्तर : मुलगा हुशार आहे, त्याचे तिन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत. काळ्यापासून सुरू करू कारण तीच खरी गंमत आहे.

तो फोटो ओडिशातल्या सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पाचा असणार. ते वाघ पूर्ण काळे नसतात, पट्टे इतके जाड होऊन एकमेकांत मिसळतात की मधला पिवळा रंग जेमतेम उरतो. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या टीमने 2021 साली दाखवलं की हा टॅकपेप नावाच्या जीनमधल्या (जनुकातल्या) एका बदलाचा खेळ आहे, आणि पिल्लू असं व्हायला तो बदल आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. आता एवढा दुर्मिळ योग इतर कुठल्याच जंगलात दिसत नाही, पण ओडिशाच्या 2023-24 च्या गणतीत सिमिलीपालच्या 27 मोठ्या वाघांपैकी 13 असे निघाले! मग काळं असणं फायद्याचं आहे म्हणून ते वाढले का? दाट जंगलात लपायला थोडी मदत होत असेलही, पण मुख्य कारण तसलं काही नाही. एखाद्या वाडीत सहाच घरं उरली नि त्यातली चार एका आडनावाची असली तर दोन-तीन पिढ्यांनी वाडीभर तेच आडनाव दिसतं, ते आडनाव भारी असतं म्हणून नव्हे, बाहेरून कोणी राहायला आलं नाही म्हणून. तिथे तसंच झालंय. वाघ थोडे, बाहेरून येणारा नाही, मग सगळी लग्नं नात्यातच.

आणि पट्ट्यांसोबत काय काय गुपचूप वाढत असेल याचीच खरी भीती. अमेरिकेत फ्लोरिडातले पँथर (नाव पँथर, प्राणी प्यूमा, म्हणजे तिकडचं एक मोठं रानमांजर) असेच 20-30 उरले होते, शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांचे वृषण खाली उतरलेले नाहीत. 1995 ला टेक्सासमधून 8 माद्या आणून सोडल्या, पिल्लं धडधाकट व्हायला लागली नि आकडा शंभराच्या वर गेला. आपल्याकडे तोच प्रयोग चालू आहे आणि माद्या गेल्या आपल्या ताडोब्यातून, 2024 मध्ये, जमुना आणि झीनत. त्यातली झीनत तर सिमिलीपालमधून निघून झारखंड करत थेट बंगालमध्ये पोचली, डिसेंबरअखेर बांकुड्यात बेशुद्ध करून परत आणावी लागली :)

छोटा होईल का, तर होऊ शकतो, सुमात्राचा वाघ आपल्या वाघापेक्षा बराच लहान आहे, सुंदरबनचाही लहानच. पण सुमात्रा बेट वेगळं पडून हजारो वर्षं झाली. वाघाची एक पिढी पाच-सहा वर्षांची धरली तर हजार वर्षांत दोनशेच्या आसपास पिढ्या होतात, डास किंवा उंदरासारखं भराभर काम होत नाही.

माणसात राहण्याचं म्हणाल तर ते आताच सुरू आहे, पण त्याला उत्क्रांती म्हणू नका. नेपाळच्या चितवनमध्ये माणसांची ये-जा असलेल्या भागात वाघ दिवसा कमी नि रात्री जास्त फिरतात असं दिसलंय. ती शिकलेली सवय आहे, उद्या माणूस हटला तर तेच वाघ परत दिवसा फिरतील.

त्यामुळे माझं मत विचाराल तर हजार वर्षांनंतरचा वाघ कसा असेल हे आजच्या रस्त्यांवर ठरतंय. 2019 ला यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर वाघ वाट शोधत शोधत, तेराशे किमीच्या आसपास चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, वॉकर नाव पडलं त्याचं, पण तिथे वाघीणच नव्हती. नागपूर-शिवनी हायवेवर पेंचमध्ये प्राण्यांसाठी अंडरपास केलेत, त्यातून वाघ जाताना कॅमेऱ्यात आलेत. असे रस्ते उघडे राहिले तर वाघ बहुतेक आजच्यासारखाच दिसेल. बंद झाले तर प्रत्येक जंगलाचा आपला वेगळा सिमिलीपाल, एकीकडे काळे, दुसरीकडे अजून कसले तरी.

मुलाला अजून एक सांगा, हाच जीन घरच्या मांजरातही असतो, त्यात बदल झाला की कुशीवर सरळ पट्ट्यांऐवजी भोवरे येतात. गल्लीत तसलं मांजर दिसलं तर फोटो पाठवा म्हणावं, आमच्याकडे सगळी पट्टेवालीच आहेत.