ग्रंथपालाला विचारा

प्रश्न : ताई, शोधनिबंध आता मोबाइलवर फुकट मिळतात. मग कॉलेजच्या ग्रंथालयाचं काम काय उरलं? – एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : वाचायला फुकट, पण छापायला? मुक्त प्रवेशाची (ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी) बरीच नियतकालिकं वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेतात. नेमकी तिथेच भामट्यांची चांदी होते. यंदा नवतप्यात कूलर घरघरत असताना एक पीएचडीवाली काउंटरवर आली. “मॅडम, तीन दिवसांत छापतो म्हणतात, साडेचार हजार मागतात.” आम्ही संपादक मंडळाची नावं एकेक करून तपासली. दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेखच नाही. डीओएजे म्हणजे मुक्त प्रवेशाच्या तपासलेल्या नियतकालिकांची ऑनलाइन यादी, तिच्यातही नाही. पैसे वाचले, चहा मात्र मलाच पाजावा लागला!

शिवाय सगळंच काही खुलं झालेलं नाही. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून २०२५पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं मिळतात, पण सरकारी संस्थांना. तुमचं कॉलेज त्यात आहे का, लॉगिन कसं करायचं, हे ग्रंथपालालाच विचारा. आणि शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आपल्या विषयाचे जुने प्रबंध आधी पाहून घ्या. विषय ठरवल्यावर नाही, ठरवण्याआधी.