आधी एक पावसाळा तिथे काढ

तुझं कोकणातल्या साइटचं ड्रॉइंग परवा रात्री उघडलं आणि मग झोपच लागली नाही गं. मालक म्हणतो क्लबहाउसच्या प्रत्येक खुर्चीवरून समुद्र दिसला पाहिजे, तुझे सर म्हणतात इमारत डोळ्यात भरता कामा नये, मी कुणाचं ऐकू असं विचारलंयस. कुणाचंच नको. साइटवर तू किती दिवस होतीस? दोन, तेही फेब्रुवारीत. फेब्रुवारीतलं कोकण कुणालाही आवडतं. एक पावसाळा तिथे काढ, मग पेन्सिल उचल.

मी नव्हता काढला. १९८८ सालची गोष्ट, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, १९९१ ला आले त्याच्या आधीची, मालवणच्या बाजूला माझं पहिलं रिसॉर्ट. मालक म्हणाला क्लबहाउस जरा पुढे घ्या, आणि मी समोरचा वाळूचा उंचवटा सपाट करायला हो म्हटलं. त्यावर मर्यादवेल होती, रावणाच्या मिशा होत्या, मला वाटलं रान माजलंय. वाळू त्यांनीच धरून ठेवली होती हे पहिल्या जूनमध्ये कळलं. डायनिंग हॉलमध्ये खुर्च्यांच्या पायांशी वीतभर वाळू, सरकत्या दारांचे रूळ जाम, नैऋत्येची झड आडवी येऊन काचेच्या फटींतून आत. चार वर्षांत खारी हवा सळ्यांपर्यंत पोचली आणि स्लॅबचे पोपडे पडायला लागले. तिथली एक म्हातारी मला म्हणाली, "वाऱ्याच्या तोंडात दार कित्याक ठेवलात?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. तो उंचवटा अजून आठवतो मला, इमारत नाही आठवत.

म्हणून सांगतोय, भिंतीला मातीचा रंग आणि छपरावर हिरवळ लावली म्हणजे इमारत जागेत मिसळत नाही. पाणी उतारावरून कुठून वाहतं, झड कुठल्या अंगाने येते, कुठलं झाड वारा अडवतं, हे जुलैतच दिसतं. तेव्हा कळेल पडवी इतकी खोल का, कौलांचा उतार इतका का, जांभा गिलावा न करता का ठेवतात (खाणीतून काढला की मऊ असतो, हवेत राहून टणक होतो). आणि मालक-सरांच्या या भांडणाचं उत्तर केरळात कोवळमच्या किनाऱ्यावर आहे. सत्तरच्या दशकात वास्तुकार चार्ल्स कोरियांनी तिथलं हॉटेल टेकडीच्या उतारालाच पायऱ्या पायऱ्यांनी बसवलं. समुद्र सगळ्यांना दिसतो, टेकडीही टेकडीच राहते. तुझ्याकडे तसाच उतार आहे की, मग तू माथ्यावर काचेची पेटी कशाला ठेवलीस?

आणि किनाऱ्यावर कासवं येत असतील तर समुद्राकडचे दिवे काढ, पिल्लं उजेडाच्या मागे जातात.

गेल्या वर्षी मी एक मोठं काम सोडलं, मालकाला जूनआधी पाया हवा होता. लोक म्हणाले म्हातारा हट्टी झालाय. झालोय. तेव्हा कुणीतरी माझ्याशी असा हट्ट करायला हवा होता.

मालकाला चार महिने माग, नाही म्हणाला तर फोन मला दे, मी बोलतो. साइटजवळ एखाद्या घरात खोली बघ, जूनच्या पहिल्या आठवड्यात पोच. छत्री नको नेऊस, तिथे टिकत नाही.