गणिताची उजळणी वही मिटून करावी

प्रश्न : आदरणीय सर, सादर नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातून लिहीत असून बारावी विज्ञान शाखेत शिकते. कनिष्ठ महाविद्यालय गावापासून 14 किलोमीटरवर आहे आणि एसटीची वाट पाहण्यासकट येण्याजाण्यात दोन तास जातात. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाल्यापासून सुटीच्या दिवशी आईसोबत शेतात जावे लागते. तरीही गणिताच्या पुस्तकाचे दोन्ही भाग मी दोनदा पूर्ण केले. वही उघडून वाचते तेव्हा प्रत्येक पायरी समजते; पण सराव परीक्षेत 80 पैकी 29 गुण मिळाले. प्रश्न समोर आला की सुरुवात कोणत्या रीतीने करावी हेच सुचत नाही. परीक्षेला सव्वा महिना उरला आहे. उजळणी कशी करावी?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले : ‘वही उघडून वाचते तेव्हा प्रत्येक पायरी समजते.’ अडचण नेमकी इथेच आहे. सोडवलेले उदाहरण नजरेखालून घातले की पुढची पायरी ओळखीची वाटते, कारण ती समोरच लिहिलेली असते. परीक्षेत मात्र ती आपल्याच डोक्यातून कागदावर आणावी लागते, आणि तशी आणण्याचा सराव वाचनाने होत नाही. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला सांगितला आणि काहींना तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत लिहून काढणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. तू दोनदा पुस्तक पूर्ण केलेस ते कष्ट वाया गेलेले नाहीत. त्यांवर आता वही मिटून सोडवण्याचा हात फिरला पाहिजे.

म्हणून उदाहरण एकदा समजले की वही मिटावी, कोऱ्या कागदावर फक्त प्रश्न उतरवावा आणि शेवटपर्यंत जावे. अडलीस तर लगेच वही उघडू नकोस. पाच-सात मिनिटे स्वतः धडपड कर, मग अडलेली तेवढीच ओळ पाहा आणि वही पुन्हा मीट. तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी, नंतर तीन-चार दिवसांनी आणि त्यानंतर आठवड्याने पुन्हा सोडव. थोडे विसरायला झाल्यावर पुन्हा आठवण्याचा जो त्रास होतो, त्यानेच गणित पक्के बसते.

आता ‘रीत सुचत नाही’ या मुद्द्याकडे येतो, कारण बारावीच्या गणितात सर्वाधिक गुण इथेच जातात असे मला इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर वाटते. पुस्तकातील स्वाध्याय प्रकरणवार असतात. ‘इंटिग्रेशन बाय पार्ट्स’च्या स्वाध्यायातील दहावे उदाहरण करताना कोणती रीत लावायची हे ठरवावेच लागत नाही, ते मथळ्यानेच सांगितलेले असते. प्रश्नपत्रिकेत मथळा नसतो. तीन इंटिग्रल घे, तिन्हींच्या छेदात एक्सचा वर्ग अधिक एक. पहिल्याच्या अंशात एक आहे. तिथे सूत्राने सरळ टॅन इन्व्हर्स एक्स मिळतो. दुसऱ्याच्या अंशात एक्स आहे. तिथे छेदाला टी मानले की वरचा एक्स त्याच्या डेरिव्हेटिव्हचा निम्मा भाग ठरतो आणि उत्तर छेदाच्या लॉगच्या निम्मे येते. तिसऱ्याच्या अंशात एक्सचा वर्ग आहे. तिथे अंशात एक मिळवून एक वजा करावा, म्हणजे एक्स वजा टॅन इन्व्हर्स एक्स मिळेल. दिसायला सख्ख्या बहिणी, पण प्रत्येकीची वाट वेगळी. ही तीन उदाहरणे तीन निरनिराळ्या दिवशी सोडवली तर त्यांतील फरक कधी डोळ्यांत भरणार नाही. एकाखाली एक मांडली तरच भरेल.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील डग रोरर आणि केली टेलर यांनी 2007 साली याचीच पारख केली होती. त्यांनी विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका प्रकारची उदाहरणे ओळीने सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावात पहिल्या गटाची 89 टक्के उत्तरे बरोबर होती आणि दुसऱ्याची 60 टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिला गट 20 टक्क्यांवर घसरला आणि दुसरा 63 टक्क्यांवर राहिला. तेव्हा मिसळून सोडवताना सुरुवातीला जास्त चुका झाल्या तरी धीर सोडू नकोस.

यासाठी घरात बिस्किटाचा रिकामा डबा असला तरी पुरे. दोन्ही भागांत मिळून 15 प्रकरणे आहेत. प्रत्येकातील चार उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरव, म्हणजे 60 चिठ्ठ्या होतील. पुढे प्रकरणाचे नाव लिहू नकोस, मागे फक्त पान क्रमांक टाक. रोज न पाहता पाच चिठ्ठ्या काढ आणि पूर्ण सोडव. वेचणीहून दमून आलीस, बोटे बोंडांच्या टोकांनी ओरखडली आहेत, त्या संध्याकाळी दहा चिठ्ठ्या काढून प्रत्येकीची फक्त पहिली ओळ लिही : कोणती रीत, कशाला काय मानायचे. वीस मिनिटांत होणारे हे काम आहे आणि लाईन गेली तरी कंदिलाच्या उजेडात करता येते. एसटीची वाट पाहताना सूत्रे वाचत बसण्यापेक्षा ती वहीच्या मागच्या पानावर न पाहता लिहून काढ.

चुकांसाठी एक वेगळी वही असू दे. तिच्यात बरोबर उत्तर उतरवून काढण्यात वेळ घालवू नकोस. चूक कुठे झाली हे तुझ्या शब्दांत एका ओळीत लिही. उदाहरणार्थ, वरच्या दुसऱ्या इंटिग्रलला शून्य ते एक अशा मर्यादा दिल्या, तर छेदाला टी मानल्याबरोबर मर्यादा एक ते दोन होतात आणि उत्तर लॉग दोनच्या निम्मे येते. जुन्याच मर्यादा ठेवल्या तर लॉग शून्यापाशी येऊन गाडी अडते, कारण लॉग शून्य अस्तित्वातच नाही. ‘टी मानला, मर्यादा बदलल्या नाहीत’ एवढी एक ओळ पुरे. अशा ओळी आठवड्याने वाचल्यास की तुझ्या चुका पन्नास नसून पाच-सहाच असून त्याच फिरून फिरून येतात, हे तुझ्या लक्षात येईल.

प्रश्नपत्रिकेची रचनाही डोळ्यांसमोर असावी. लेखी परीक्षा तीन तासांची असते. दोन गुणांचे आठ बहुपर्यायी आणि एका गुणाचे चार अतिलघुत्तरी प्रश्न सक्तीचे असतात. पुढे दोन गुणांच्या 12 पैकी आठ, तीन गुणांच्या 12 पैकी आठ आणि चार गुणांच्या आठपैकी पाच प्रश्न सोडवायचे असतात. एका गुणाला साधारण सव्वादोन मिनिटे येतात, म्हणून चार गुणांच्या प्रश्नात नऊ-दहा मिनिटांपेक्षा जास्त गुंतून पडू नये. पुढच्या विभागांत पर्याय भरपूर असले तरी सक्तीच्या 20 गुणांत कोणतेही प्रकरण येऊ शकते, त्यामुळे एखादे प्रकरण अजिबात सोडून देण्याच्या मी विरुद्ध आहे. लिनियर प्रोग्रामिंगला कच्चा आलेख चालतो. तो सुबक काढण्यात वेळ दवडू नये. कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा घरी सोडवतानाही मोबाईल दूर ठेव. शेवटच्या तीन आठवड्यांत दर रविवारी सकाळी सलग तीन तास बसून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडव. त्या तीन सकाळी तुला वेचणीतून मोकळीक मिळावी, अशी माझी तुझ्या आईला विनंती आहे. हे पत्र तिला अवश्य वाचून दाखव.

प्रश्न : मी वाशिम जिल्ह्यातील शेतकरी असून माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे. मुलगा बारावीत आहे. या शेवटच्या महिन्यासाठी त्याला अमरावतीला खोली करून देऊन शिकवणी लावावी का? घरी मी त्याला गणितात काही मदत करू शकतो का?
— एक पालक

उत्तर : एवढ्या थोड्या दिवसांसाठी मुलाला घरापासून हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी खोली, खानावळ आणि नवे शिक्षक यांच्याशी जमवून घेण्यातच पंधरा दिवस निघून जातील, आणि जो पैसा तुरीच्या सोंगणीला लागणार आहे तो हातचा जाईल. मदत मात्र आपण निश्चित करू शकता. वर सांगितलेला चिठ्ठ्यांचा डबा आपल्याजवळ ठेवा आणि रात्री जेवणानंतर त्यातील एक चिठ्ठी काढून त्याच्या हातात द्या. सोडवून झाल्यावर ‘ही पायरी का केली?’ एवढेच विचारा आणि त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐका. जिथे तो अडखळेल किंवा ‘सरांनी तसेच करायला सांगितले आहे’ असे म्हणेल, त्या चिठ्ठीवर खूण करून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. उत्तर पडताळण्यासाठी गणित यावे लागत नाही. चिठ्ठीमागील पान क्रमांकावरून स्वाध्याय शोधला की पुस्तकाच्या शेवटी त्याचे उत्तर छापलेले सापडते.